न काढलेली दाढ

आमच्या दवाखान्यात माणूस खुर्चीत बसायच्या आधीच निकाल देऊन मोकळा होतो. "मॅडम, ही दाढ काढून टाका." म्हणजे तपासलं त्यानं, निदान केलं त्यानं, मी आपली पक्कड घेऊन हजर! लोणावळ्यात बाजाराजवळ दवाखाना टाकून मला अठरा वर्षं झाली, तरी हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. "काढायची का ठेवायची ते मी बघते," मी म्हणते. "तुम्ही फक्त दाखवा कुठं दुखतंय. एका बोटानं. पंजा नको, बोट."

बोट कुठं जातं यावर माझी पहिली नजर. दाढेच्या मुळाशी सूज असेल तर माणूस नेमका त्याच दाढेवर बोट ठेवतो. दाढेच्या आतली नस चिडली असेल तर बोट वर-खाली भटकतं, वरची दुखते की खालची ते त्याचं त्यालाच कळत नाही. आणि बोट न लावता ज्यानं अख्खा पंजा गालावर ठेवला, त्याच्या दाताला दोष द्यायची मी अजिबात घाई करत नाही. कधी जबड्याचा स्नायू असतो, कधी गालाच्या हाडात साचलेली सर्दी, कधी तिसरंच काहीतरी निघतं.

दुसरी गोष्ट शब्दांची. कॉलेजात आम्हाला दुखण्याचे चार इंग्रजी शब्द शिकवले, ते मी परीक्षेत लिहिले आणि पास झाले. खरी शिकवणी मावळातल्या माणसांनी घेतली. दात ठणकतो ते वेगळं, ठसठसतो ते वेगळं, शिवशिवतो ते वेगळं. सणक विजेसारखी येते आणि जाते. कैरी न खाताच ज्याचे दात आंबल्यासारखे होतात, त्याचे दात झिजलेले असतात. नुसतं "दुखतंय" म्हणणाऱ्याला मी सोडत नाही. "दुखतंय म्हणजे काय करतंय?" असं विचारलं की तो माणूस बहुतेक वेळा अर्धं निदान माझ्या हातात ठेवतो.

चिक्कीच्या कारखान्यात काम करणारी एक बाई आली होती. एक्स-रे स्वच्छ, दाढ वरून स्वच्छ, आणि घरचे म्हणायला लागलेले की कामाला जायचं नाही म्हणून सोंग करते. मी विचारलं, "चावताना दुखतं का?" ती म्हणाली, "चावताना न्हाई ओ, सोडताना दुखतं." बस्स! चावलेलं सोडताना जी कळ येते ती चिरलेल्या दाढेची, आणि बारीक भेग एक्स-रेत दिसेलच असं नाही. दाढेच्या एकेका टोकाखाली कापूस धरून चावायला लावलं, भेग सापडली, टोपी बसवली. ती बाई खुर्चीतच रडायला लागली. "म्हंजी सोंग नव्हतं ना?" एवढंच विचारत राहिली. अशा दिवशी मी दवाखान्याला कुलूप लावते ते मान ताठ करून. खोटा नम्रपणा मला जमत नाही आणि तो शिकायची इच्छाही नाही.

पण ही ताठ मान आयती मिळालेली नाही. पहिल्याच वर्षी एका बंगल्याच्या वॉचमननं हात जोडले म्हणून मी त्याची खालची दाढ काढली. दुसऱ्या दिवशी तो परत दारात. दाढ गेली आणि दुखणं जिथल्या तिथं! खरी चोर होती त्याच बाजूची वरची अक्कलदाढ. मी घाबरून सगळं कबूल केलं, तर तो मलाच समजावायला लागला, "असू द्या मॅडम, तुमी तरी काय करनार." त्यानं शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. तेव्हापासून गुन्हेगार सापडल्याशिवाय पक्कड हातात घ्यायची नाही, हा माझा नेम.

एवढं सगळं सांगून आता मी माझ्याच बापाचं सांगते, जिथं मी हा नेम निम्मा मोडला होता.

आमचं घर परंदवडीचं. आमच्या आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, जवळच्याच एका कारखान्यात लेथवर आयुष्य काढलं. केसाएवढी चूक झाली तरी तो नग बाजूला ठेवणारा माणूस. घरातली, भावकीतली पहिली डॉक्टर मी. आबांना त्याचं इतकं कौतुक की कुणी रस्त्यात नुसता गाल धरला तरी हे त्याला थांबवणार. "जय भीम, जय भीम. दाढ का? चल, माझ्या लेकीकडं न्हेतो." निम्मी परंदवडी त्यांनी माझ्या खुर्चीत आणून बसवली. गुरुवारी दवाखाना बंद असतो तेव्हा मी घरी जाते. जेवताना मी आठवड्याच्या पेशंटच्या गोष्टी सांगायच्या आणि आबांनी घास हातात धरून ऐकायच्या, हा आमचा रिवाज. आई ओरडायची, "अहो, भाकरी गार झाली!"

भर पावसाळ्यात आबा एकदा म्हणाले, "डाव्या अंगाची खालची दाढ जरा तरास देती." मी त्यांना दवाखान्यात आणलं. तोंड उघडलं, खालच्या दाढेत काळा ठिपका दिसला, बारीक कीड होती. भरून टाकली. दिसली कीड, भरली कीड! एका बोटानं दाखवा म्हटलं नाही, दुखतं म्हणजे काय करतं विचारलं नाही, कधी दुखतं तेही विचारलं नाही. परक्या माणसाला मी अर्धा तास छळते आणि बापाला दहा मिनिटांत वाटेला लावलं. घरच्या माणसाला आपण तपासत नाही, नुसतं बघतो. आठवड्यानं फोनवर विचारलं तर म्हणाले, "एकदम बेस! दाढ हाय का न्हाई त्येच कळंना." पौर्णिमेला विहारात वंदना झाल्यावर त्यांनी तोंड उघडून चार जणांना ती दाढ दाखवली, असं आईनं मला सांगितलं. मला हसू आलं आणि आतून बरंही वाटलं.

थंडी सुरू झाली, भाताची झोडणी उरकली आणि मी आंदर मावळात एका वाडीवर दात तपासणीचं शिबिर ठेवलं. गाडी खाली थांबते, पुढं अर्धा तास चढ. मी, माझी मदतनीस आणि आबा. आबा येणारच होते, त्यांच्याशिवाय शिबिर म्हणजे वराशिवाय वरात. अवजारांची पेटी त्यांनी कुणाला उचलू दिली नाही. चढताना ते तीन वेळा थांबले. "काय झालं?" म्हटलं की म्हणायचे, "काय न्हाई गं, खाचरं बघतोय." भाताची खाचरं कापून मोकळी झालेली, त्यात बघायचं काय! दुसऱ्यांदा थांबले तेव्हा त्यांचा डावा तळवा मफलरीवरून जबड्यावर होता. मला वाटलं मफलर सारखी करतायत.

शाळेला सुट्टी होती. पडवीत खुर्ची मांडली, डोक्याला दिवा बांधला, अवजारं लावली. वाडीतली सगळी माणसं जमली आणि सगळी भिंतीला टेकून उभी राहिली. खुर्चीत एक जण बसेल तर शपथ! निम्म्यांचे गाल सुजलेले दिसत होते. शेवटी एक म्हातारी पुढं आली. मिशरीनं दात काळेभोर झालेले, पदर गालाला गच्च दाबलेला. पण तीही बसायला तयार नाही. म्हणाली, "दाढ काढली की डोळा जातो बाई. आमच्या थोरल्या जावंचा गेला."

"मावशी, दाढेचा आणि डोळ्याचा काही संबंध नाही," मी म्हटलं.

"तुला काय म्हाईत? तुझी काढलीया का?"

सगळे हसले. मी काही बोलणार तेवढ्यात आबा पुढं झाले आणि खुर्चीत बसले. "ऐका रं सगळी," ते म्हणाले. "ही माझी लेक हाय. आता माझी दाढ काढंल. तुमच्या म्होरं काढंल. माझा डोळा जातो का ऱ्हातो त्ये बघा आन मग बसा." मग माझ्याकडं वळून, तोंड उघडून, नेमकं एक बोट त्या डाव्या खालच्या दाढेवर ठेवलं. मी भरलेल्या दाढेवर.

गर्दीतून एक जण ओरडला, "आबा, खालची काढून काय उपेग? डोळा वरच्या दाढंला असतोय!" पुन्हा हशा. आबा म्हणाले, "आधी खालची तर बघा, मग वरची बी काढू की, हाईत अजून."

 मी वाकून हळू आवाजात म्हटलं, "आबा, ही चांगली दाढ आहे. मी भरलीय. लोकांना दाखवायला कुणी चांगली दाढ काढतं का?"

"दुखती ती," ते तितक्याच हळू म्हणाले.

"कधीपासून?"

"हायच. तू भरायच्या आधी बी व्हती, नंतर बी हाय."

"मग मला बेस आहे म्हणून का सांगत होतात?"

त्यांनी पुन्हा तोंड उघडून बोट त्याच दाढेवर ठेवलं. मला मात्र खाडकन सगळं समजलं. चार महिने हा माणूस दुखणं गिळत होता, कारण दुखतंय म्हटलं असतं तर लेकीनं भरलेली दाढ बिघडली असा त्याचा अर्थ झाला असता. आणि आता लोकांची भीती घालवायच्या नावाखाली तीच दाढ गुपचूप मोडीत काढायची, म्हणजे कुणाला काही कळायला नको. बापाच्या या कारस्थानाचा मला भयंकर राग आला. रागातच मी तपासायला सुरुवात केली.

"थंड पाणी लागलं की काय होतं?"

"कळ जाती. मस्तकात जाती."

"झोपताना?"

"ठणकती. झोपू देत न्हाई."

"चावताना?"

"ठणकन लागतं."

एकेक उत्तर पुस्तकात छापल्यासारखं. आणि का नसावं? दर गुरुवारी घास हातात धरून माझ्याकडूनच तर ऐकलं होतं सगळं! मी आरशाच्या दांड्यानं दाढेवर टकटक केली, शेजारच्या दोन दाढांवर केली. त्यांच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. हिरडी दाबली, काही नाही. कापूस चावायला लावला, काही नाही. मग मी पेटीतून कापसाचा कोरडा बोळा घेतला, जणू गार औषध लावतेय असा चिमट्यात धरला आणि दाढेला लावला. "गार लागतंय?"

"लय!" आबांनी डोळे मिटले. "आई गं! मस्तकात गेली."

मी तो बोळा त्यांच्या तळहातावर ठेवला. कोरडा ठणठणीत. आबांनी बोळ्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. माझ्या मदतनीस मुलीनं तोंडावर हात धरला.  माझा राग कुठं गेला कळलंच नाही आणि त्याच्या जागी भीती आली. दाढ ठणठणीत होती. मी भरलेलं जिथल्या तिथं, एक कण हललेला नव्हता. तिथंही मला माझ्या कामाचा अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू? पण दाढ जर ठीक आहे तर चार महिने माझ्या बापाला दुखतंय काय?

मी खुर्चीशेजारी खाली बसले. "आबा, मी काही बोलणार नाही. चिडणार नाही. खरं सांगा. कधी दुखतं?"

त्यांनी हातातला बोळा मुठीत चुरगाळला. मग म्हणाले, "चढावर."

"आत्ता येताना दुखलं?"

"व्हय. बसलं की थांबतं. घरी बी जिना चढलो, पान्याची घागर उचलली, की धरतंय. टेकलं की सोडतंय. आता बसलोय तर काय न्हाई."

"कुठं ते दाखवा. खरं दाखवा."

या वेळी बोट नाही आलं. डावा तळवा आला, जबड्यावर ठेवला गेला आणि गळ्यावरून खाली घसरत पार गळपट्टीच्या हाडापर्यंत गेला.

"दुखतं म्हणजे काय करतं?"

"आवळतं गं," आबा म्हणाले. "कुनी तरी जबडा मुठीत धरून आवळल्यावानी."

अठरा वर्षांत हजारो दाढा माझ्याशी बोलल्यात. ठणकल्या, ठसठसल्या, सणकल्या. आवळणारी दाढ मी एकही बघितलेली नाही. चढाला आवळतं, बसलं की सोडतं, त्याचं नाव दाढ नाही. हृदयाला रक्त कमी पडतं तेव्हा ते सगळ्यांच्याच छातीत ओरडत नाही. एखाद्याच्या हातात ओरडतं, एखाद्याच्या पाठीत आणि एखाद्याच्या जबड्यात. हे मी कॉलेजात वाचलं होतं, जेवताना एकदा सांगितलंही असेन. आबांनी नेमकं तेवढं ऐकलं नसावं.

मी उभी राहिले. सगळी वाडी आमच्याकडं बघत होती. "काढा की डॉक्टरीणबाई!" कुणीतरी म्हणालं. पक्कड समोरच्या ताटलीत होती, इंजेक्शन भरून ठेवलेलं होतं. मनात आणलं असतं तर पाच मिनिटांचं काम. दाढ निघाली असती, आबांनी डोळे मिचकावून दाखवले असते, टाळ्या पडल्या असत्या आणि वाडी रांगेत बसली असती. आणि घटकाभर बसल्यावर आबांचं दुखणं नसतंच, म्हणजे त्यांनाही वाटलं असतं, दाढ गेली आणि दुखणं गेलं. मग पेटी उचलून हा माणूस पुढचा चढ चढला असता.

"नाही काढणार," मी म्हटलं.

आबांचा चेहरा पडला. "अगं, चार मानसांत मी बोललोय. माझा शब्द जाईल."

"शब्द जाऊ दे!" मी ओरडलेच. "तुम्ही गेलात तर शब्द घेऊन काय करू मी?"

 मग मागून कुणीतरी पुटपुटलं, "हिला काढता येत न्हाई वाटतं." ते मी ऐकलं. आबांनीही ऐकलं, आणि त्यांनी मान खाली घातली. मला त्या क्षणी ती पुटपुट जिव्हारी लागली, हे मी लपवत नाही. पण मी वाडीकडं वळून सांगितलं की यांची दाढ चांगली आहे, दुखणं काळजाचं आहे, आणि यांना एक पाऊलही चालू न देता खाली रस्त्याला न्यायचंय. एवढं ऐकलं मात्र, आणि मघापासून भिंतीला चिकटलेली ती माणसं अशी हलली की मी बघतच राहिले. दोन जण बांबू आणायला पळाले, एकानं घोंगडी आणली, बघता बघता डोली बांधून तयार.

आबा बसायला तयार होईनात. "चालत आलोय, चालत जाईन. धडधाकट हाय मी."

"बसा वो आबा," डोली धरणारा म्हणाला. "आमच्याकडं बाळंतीन अशीच न्हेत्यात."

"मी बाळंतीन हाय का रं?"

"तुमच्या लेकीनं सांगितलंय, मंजी आता तुमी कायबी असा, बसायचंच."

आबा बसले. गावात ताठ चालणारा माझा बाप घोंगडीत मुटकुळं करून, डोळे मिटून उताराला लागला. शरमेनं मिटले होते ते डोळे. मी डोलीच्या शेजारून चालत होते आणि दर वळणाला विचारत होते, "आवळतंय का?" ते नुसती नाही म्हणून मान हलवायचे. माझ्याशी बोलत नव्हते.

तळेगावच्या बाजूच्या एका मोठ्या दवाखान्यात पोचलो. हृदयाचा डॉक्टर माझ्यापेक्षा वयानं लहान. त्यानं छातीची ईसीजीची पट्टी काढली. सरळ, स्वच्छ. आबा पलंगावर आरामात पडलेले, दुखत काहीच नव्हतं. डॉक्टर हसून म्हणाला, "मॅडम, पट्टी नॉर्मल आहे. जबडा दुखतो म्हणताय, एकदा दाढ बघून घ्या की नीट. दात तुमचा, हृदय आमचं."

झालं! माझं डोकं सणकलं. "बरोबर आहे," मी म्हटलं. "दात माझा. तर दाताचं मी सहीनिशी लिहून देते, की दाढ निरोगी आहे, ठोकून, दाबून, चावून बघितलीय. आता हृदयाचं तुम्ही लिहून द्या. आणि हे पडून नाही दुखत, चढाला दुखतं. चढ द्या, मग पट्टी बघा."

तो माणूस भला निघाला. माझ्याकडं एकदा बघितलं आणि हसणं थांबवलं. त्यानं आबांच्या छातीला तारा लावून त्यांना चालायच्या मशीनवर उभं केलं. पट्टा फिरायला लागला, हळूहळू चढ वाढला. दोन-तीन मिनिटं झाली असतील. आबांचा डावा तळवा उचलला गेला आणि जबड्यावर जाऊन बसला. मी काही बोलायच्या आत डॉक्टरानं पडद्याकडं बघून मशीन बंद केलं. "झोपवा त्यांना," नर्सला म्हणाला. आवाज पूर्ण बदललेला.

पुढचं सगळं भराभर झालं. मी सही केली, आई पोचली, आबांना आत नेलं. हातातल्या नसेतून तार घालून तपासलं आणि त्याच बैठकीत बंद पडत आलेली नळी उघडून आत दोन जाळ्या बसवल्या. बाहेरच्या बाकावर आई माझा हात धरून बसली होती आणि मी त्या दहा मिनिटांचा हिशोब करत होते, ज्यात मी बापाला न विचारता दाढ भरली. कीड होती, भरायलाच हवी होती, ते काम चुकलं नव्हतं. पण तेव्हा एक प्रश्न विचारला असता तर चार महिने हा माणूस जिवावर उदार होऊन जिने चढला नसता. अभिमानाच्या गोष्टी सांगते तशी ही चूकही सांगितली पाहिजे. आता घरच्या माणसालाही मी परक्यासारखंच तपासते.

संध्याकाळच्या आत आबा वॉर्डात आले. चेहऱ्यावर रंग आला होता, पण माझ्याकडं अजून सरळ बघत नव्हते. डॉक्टर आला, खुर्ची ओढून त्यांच्याजवळ बसला आणि त्यांना कळेल असं सांगायला लागला. "आबा, तुमच्या हृदयाची मोठी नळी जवळजवळ बंद झाली होती. आता उघडलीय. मॅडमनी दाढ काढून तुम्हाला घरी पाठवलं असतं, तर एखाद्या चढावर..." त्यानं ते वाक्य तिथंच सोडलं.

आबा ऐकत होते. मी त्यांच्या चेहऱ्याकडं बघत होते, घाबरतील म्हणून. त्यांच्या कपाळावरच्या आठ्या एकेक करून गेल्या.

"म्हंजी जे दुखत व्हतं त्ये काळीज व्हतं," ते सावकाश म्हणाले. "दाढ नव्हं."

"दाढेचा काहीच संबंध नाही," डॉक्टर म्हणाला.

"पैल्यापासनंच न्हाई?"

"पहिल्यापासूनच नाही."

आबांनी मोठा श्वास सोडला आणि चार महिन्यांत पहिल्यांदा ते मनमोकळे हसले. शेजारच्या खाटेवरच्या माणसाकडं वळले, कारण त्याला सांगितल्याशिवाय त्यांना राहवेना.

"ऐकलंत का पावनं? काळीज बिघडलंतं. माझ्या लेकीनं भरलेली दाढ चांगलीच व्हती!"

मी त्यांच्या पांघरुणात तोंड खुपसलं आणि हमसून हमसून रडले.